नरसाळ्यातील ढोबळी मिरची : एडवर्ड वेस्टन यांच्या स्थिरवस्तुचित्रातील मांडणी व प्रकाश

अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन (१८८६-१९५८) यांचे ‘ढोबळी मिरची क्र. ३०’ हे १९३० मधील कृष्णधवल छायाचित्र आधुनिक छायाचित्रणातील एक श्रेष्ठ कलाकृती मानले जाते. हे चित्र पाहताना वाकलेल्या मानवी देहाचा भास होतो. स्वतः वेस्टन यांना आपल्या मिरच्यांचे शारीर वा प्रतीकात्मक अर्थ लावणे मान्य नव्हते. वस्तूचे वस्तुपण हाच त्यांचा आग्रह होता. या आग्रहाची तपासणी चित्राच्या मांडणीपासून करणे आवश्यक ठरते.

ऑगस्ट १९३० च्या पहिल्या आठवड्यात कॅलिफोर्नियातील कार्मेल येथे वेस्टन यांनी मिरच्यांच्या किमान ३० निगेटिव्ह घेतल्या. साधे कापड व पांढरा पुठ्ठा यांच्या पार्श्वभूमीवर वस्तू आणि पार्श्वभूमी यांतील विरोध त्यांना फार कठोर वाटला. अखेर पत्र्याचे एक मोठे नरसाळे आडवे ठेवून त्याच्या तोंडाशी मिरची ठेवण्यात आली. या साध्या योजनेने दोन कार्ये साधली. नरसाळ्याच्या पोकळीमुळे वस्तूमागे क्रमाक्रमाने गडद होत जाणारी खोली निर्माण झाली. तसेच पत्र्याच्या वक्र पृष्ठावरून परतलेला मंद उजेड मिरचीच्या वळणांवर पडून त्यांना उठाव मिळाला.

याच योजनेचा आणखी एक परिणाम लक्षणीय आहे. चित्रचौकटीत मिरचीच्या आकारमानाचा अंदाज देणारी एकही ओळखीची वस्तू उरत नाही. लहान वस्तूचे मोजमाप असे हरवले की तिच्या फुगीर भागांना स्नायूंचे आणि खाचांना देहाच्या घड्यांचे रूप येते. म्हणजेच, वेस्टन यांनी नाकारलेला अर्थ प्रेक्षकाच्या केवळ कल्पनेतून आलेला नसून त्यांच्याच मांडणीतून संभवतो.

वेस्टन ज्याचे सदस्य होते त्या ‘ग्रुप एफ/६४’ ने १९३२ मध्ये ‘शुद्ध’ छायाचित्रणाचा पुरस्कार केला. चित्रकलेचे अनुकरण न करता कॅमेऱ्याच्या अंगभूत गुणांवर विसंबणे, ही ती शुद्धता होय. परंतु कॅमेऱ्यासमोर काय ठेवावे व उजेड कोठून यावा, हा निर्णय त्याआधीच झालेला असतो. त्यामुळे मांडणीला असत्य ठरविणे जसे चुकीचे, तसेच तिला निव्वळ तांत्रिक तपशील मानणेही अपुरे होय. नरसाळे चित्रात ओळखू येत नाही. तथापि चित्राचा अर्थ घडविण्यात त्याचा वाटा मिरचीइतकाच आहे.