संहितेविना भाषा : पैशाची आणि ‘बृहत्कथा’

गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ आज उपलब्ध नाही. आणि ज्या पैशाची प्राकृतात ती रचली गेली असे परंपरा सांगते, त्या भाषेतील एकही सलग ग्रंथ हाती लागलेला नाही. तरीही या भाषेविषयी व तिच्या भाषकांविषयी विपुल लेखन झाले आहे. संहिता नसलेल्या भाषेचे ज्ञान हे नेमके कशाचे ज्ञान असते, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

या ज्ञानाचा पहिला आधार व्याकरणांचा. वररुचीच्या नावावरील ‘प्राकृतप्रकाशा’त आणि १२व्या शतकातील हेमचंद्राच्या व्याकरणात पैशाचीची लक्षणे येतात. ‘ण’चा ‘न’ होतो, ‘द’चा ‘त’ होतो. चूलिका-पैशाचीत ‘नगर’चे ‘नकर’ होते. ही सूत्रे भाषेचे स्वयंपूर्ण वर्णन करीत नाहीत. दुसऱ्या, प्रतिष्ठित भाषारूपापासून ती कोठे ढळते, एवढेच सांगतात. त्यांतून विकारांची यादी मिळते, बोलणारा माणूस मिळत नाही.

ही उणीव आधुनिक संशोधकांनी नावाच्या आधारे भरून काढू पाहिली. ग्रिअर्सन यांनी १९०६ साली पिशाच भाषांचे क्षेत्र वायव्येकडील दरदप्रदेशात कल्पिले. स्टेन कोनो यांनी पैशाचीचे स्थान विंध्यपरिसरात मानले. या दोन मतांतील अंतर बोलके आहे. ‘पिशाचांची भाषा’ हे नाव कोणता समाज आपण होऊन आपल्या बोलीला देईल? दंडीही ‘बृहत्कथे’च्या भाषेला भूतभाषाच म्हणतो. नाव बाहेरच्यांनी दिलेले असेल, तर ते देणाऱ्यांच्या दृष्टीविषयी अधिक सांगते. पैशाचीला बोलीचा आधार नव्हता असे यावरून ठरत नाही. मात्र केवळ नावावरून लोकसमूह सिद्ध होत नाही, हे निश्चित.

दुसरा आधार ‘कथासरित्सागरा’तील आख्यायिकेचा. जलक्रीडेच्या वेळी राणीच्या संस्कृत वाक्यातील संधी न उमगल्याने सातवाहन राजा लज्जित होतो. त्याला व्याकरण शिकविण्यास गुणाढ्य सहा वर्षे मागतो, शर्ववर्मा सहा महिने. पैज हरल्यावर गुणाढ्य संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिन्हींचा त्याग करतो. उरते ती पैशाची. तीत, रक्ताने लिहिलेली सात लक्ष श्लोकांची कथा राजा तुच्छतेने नाकारतो. मग कवी एकेक पान वाचून अग्नीत टाकतो आणि अरण्यातील पशू चरणे सोडून ऐकत राहतात. राजा पोहोचेपर्यंत एकच लक्ष श्लोक उरलेले असतात.

या कथेतील भाषांची उतरंड स्पष्ट आहे. पैशाची ही येथे एखाद्या जनसमूहाची भाषा म्हणून येत नाही. सर्व मान्य भाषा सोडल्यावर उरणारी जागा म्हणून येते. हीच परंपरा प्रतिष्ठानच्या सातवाहनकुळातील हालाला ‘गाहा सत्तसई’चा संकलक मानते. महाराष्ट्री प्राकृताला ज्या राजकुळाच्या नावाने प्रतिष्ठा लाभली, त्याच नावाने पैशाचीला अव्हेर मिळावा, हा विरोध मराठी अभ्यासकांनी दृष्टीआड करू नये.

खरा प्रश्न यापुढचा आहे. ११व्या शतकात सोमदेव ग्वाही देतो की, आपला ग्रंथ मूळाबरहुकूम आहे. फरक आहे तो संक्षेपाचा आणि भाषेचा. भाषाभेद येथे किरकोळ ठरतो. परंतु नेपाळमध्ये सापडलेल्या बुधस्वामीच्या ‘बृहत्कथाश्लोकसंग्रहा’शी तुलना करून लाकोत यांनी १९०८ साली दाखविले की, काश्मिरी परंपरेतील कथारूप मूळापासून बरेच दूर गेलेले असावे. संघदासगणीची जैन महाराष्ट्रीतील ‘वसुदेवहिंडी’ तर त्याच कथासूत्रातील नायकच बदलते. म्हणजे भाषेबरोबर कथेची रचना, तिचा नायक आणि तिचे प्रयोजन ही सारीच बदलत गेली.

सोमदेवाची ग्वाही आणि त्यानेच सांगितलेली आख्यायिका परस्परांना छेद देतात. भाषा हे केवळ वस्त्र असेल, तर राजाचा नकार आणि कवीचा अग्नी दोन्ही निरर्थक ठरतात. भाषांतराने कथा तगली, हे खरे. पण भाषांतरच मूळ आहे असे मानल्याने हानी झाली याचीही जाणीव पुसली जाते. लुप्त भाषांच्या अभ्यासात समीक्षेचे पहिले कर्तव्य ही जाणीव शाबूत राखणे हे आहे. रिकाम्या जागी कल्पित भाषक बसविणे हे नव्हे.