असगरीचा आरसा आणि मुहम्मदी बेगमचे गाऱ्हाणे

उर्दूच्या तासाला डेप्युटी नजीर अहमद यांच्या 'मिरातुल-अरूस'मधला काही भाग आम्ही वर्गात वाचून दाखवला. दोन बहिणी. थोरली अकबरी आळशी, हट्टी, तोंडाळ; धाकटी असगरी सुघड, समजूतदार, हिशेबी. वाचन संपल्यावर आम्ही नेहमीचाच प्रश्न विचारला, "तुम्हाला यांच्यापैकी कोण व्हायला आवडेल?" सगळ्यांचे उत्तर अर्थातच 'असगरी'. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र गप्प होती. तिला उठवले तर ती म्हणाली, "टीचर, या दोघींना स्वतःला काय हवं होतं, ते कुणी विचारलं का?"

खरे सांगायचे तर त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. ते शोधता शोधता आम्ही १८६९ सालच्या 'मिरातुल-अरूस'पासून १९३२ सालच्या 'अंगारे'पर्यंत आलो. या ६३ वर्षांत उर्दू साहित्यातील मुस्लिम स्त्री कुठून कुठे पोहोचली, हे पाहण्याचा हा एक प्रयत्न.

'मिरातुल-अरूस' म्हणजे नववधूचा आरसा. नजीर अहमद यांनी ही कथा आपल्या मुलींसाठी लिहिली. सरकारने तिला एक हजार रुपयांचे बक्षीस दिले आणि ती घरोघरी पोहोचली. आज तिला नुसती नावे ठेवणे सोपे आहे, पण तो अन्याय होईल. मुलींना लिहायला शिकवणे हेच जेव्हा अनेकांना संकट वाटत होते, तेव्हा या माणसाने शिकलेली मुलगी नायिका केली. असगरी काही मुकी गाय नाही. ती लबाड मामा अजमतची चोरी उघडकीला आणते, ढिल्या नवऱ्याला नोकरीच्या वाटेला लावते, घरातच मुलींचा मकतब चालवते. उलट अकबरी एका ठग हज्जनच्या गोड बोलण्याला भुलून दागिने घालवून बसते. शिक्षणाचा फायदा याहून सोप्या भाषेत कोण सांगणार?

पण आरसा कुणाच्या हातात आहे, हे पाहिले पाहिजे. असगरीची सगळी अक्कल, सगळा हिशेब सासरचे घर सावरण्यासाठी खर्च होतो. तिचे शिक्षण घराच्या उपयोगाचे आहे, म्हणून ते मान्य आहे. तिला कधी थकवा येत नाही, राग येत नाही, दुखतखुपत नाही. ती हाडामांसाची बाई कमी आणि गुणांची यादी जास्त आहे. अकबरी मात्र रागावते, रुसते, वेगळे घर मागते, आणि म्हणूनच की काय, ती अधिक जिवंत वाटते. पण तिला काही हवे असणे हाच लेखकाच्या लेखी तिचा दोष ठरतो.

नजीर अहमद यांचे मोठेपण त्यांच्या भाषेत आहे. दिल्लीच्या जनानखान्यातली बेगमाती जबान, तिच्यातले टोमणे, शपथा, लाडिक बोल त्यांनी जसेच्या तसे कागदावर उतरवले. परंतु या बोलीत बाया काय बोलणार, ते लेखकच ठरवतो. आवाज बाईचा आणि उपदेश मौलवीसाहेबांचा, असा तो प्रकार आहे.

मधल्या काळात एक महत्त्वाचे पाऊल पडले. १८९८ साली लाहोरमध्ये मौलवी सय्यद मुमताज अली यांनी 'हुकूके-निस्वाँ' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि स्त्री-पुरुष समानतेची बाजू धर्मग्रंथांच्याच आधारे मांडली. त्याच वर्षी 'तहजीबे-निस्वाँ' हे साप्ताहिक सुरू झाले. त्याच्या संपादिका होत्या त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम. बाई आता केवळ वाचक राहिली नाही, ती संपादकाच्या खुर्चीवर बसली. १९०४ साली अलीगढहून शेख अब्दुल्ला यांनी 'खातून' मासिक काढले आणि १९०६ साली पत्नी वहीदजहाँ बेगम यांच्यासह मुलींची शाळा सुरू केली. याच दांपत्याची मुलगी रशीदजहाँ. १९०५ साली जन्मलेली ही मुलगी दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजातून डॉक्टर झाली.

१९३२ च्या अखेरीस लखनौहून 'अंगारे' निघाले. सज्जाद जहीर, अहमद अली, महमूदुज्जफर आणि रशीदजहाँ असे चौघे लेखक. एकूण दहा रचना. त्यांतल्या रशीदजहाँच्या दोनच: 'दिल्ली की सैर' ही कथा आणि 'पर्दे के पीछे' ही एकांकिका. पुस्तकावर गहजब उडाला, प्रती जाळल्या गेल्या आणि मार्च १९३३ मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने ते जप्त केले. चौघांत एकटीच बाई, म्हणून लोकांचा राग रशीदजहाँवर अधिक निघाला. 'अंगारेवाली' हे नाव तिला शिवीसारखे चिकटले.

इतके आग लावणारे तिने काय लिहिले होते? 'दिल्ली की सैर' जेमतेम दोन-तीन पानांची. फरीदाबादची मलका बेगम नवऱ्याबरोबर आगगाडीने दिल्लीला जाते. स्टेशनवर तिला सामानाजवळ बसवून नवरा मित्राबरोबर निघून जातो. बुरख्यातली बाई त्या गर्दीत गाठोड्यांमधले आणखी एक गाठोडे होऊन बसते. तो परत येतो तेव्हा ती म्हणते, मला घरी न्या. दिल्ली न पाहताच दिल्लीची सैर संपते. लेखिका कुठेही भाष्य करीत नाही. मलका हे सारे मैत्रिणींना मिटक्या मारीत सांगते आणि आपण हसता हसता गप्प होतो.

'पर्दे के पीछे'मध्ये मुहम्मदी बेगम आपले गाऱ्हाणे आफताब बेगमला सांगते. वय बत्तीस, पण तपासणाऱ्या डॉक्टरणीला ते खरे वाटत नाही. जवळजवळ दरवर्षी एक बाळंतपण. शरीर खिळखिळे झालेले, आणि डोक्यावर सवतीची टांगती तलवार. नवरा हातचा जाऊ नये म्हणून ती शस्त्रक्रियासुद्धा करून घेते. हे लिहिणारी स्वतः डॉक्टर होती. अशा कितीतरी मुहम्मदी बेगमा तिने तपासल्या असतील. येथे बेगमाती जबान तीच आहे, जी नजीर अहमद यांनी टिपली होती. पण आता त्या बोलीतून बाई स्वतःच्या देहाविषयी बोलते. असगरीला जे कधीच दुखले नाही, ते सारे येथे दुखते. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला येथे सापडले. विचारायला कुणी आलेच नाही. शेवटी बाईनेच सांगितले.

कलाकृती म्हणून या रचनांत उणिवा आहेत, हे कबूल केले पाहिजे. 'पर्दे के पीछे' नाटकापेक्षा संभाषणच अधिक आहे. घटना पुढे सरकत नाही. मुहम्मदीचा नवरा माणूस म्हणून उभा राहत नाही. पुढे इस्मत चुगताईंनी हीच वाट घेतली आणि पात्रांना अधिक गुंतागुंत दिली. रशीदजहाँचे ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या 'लिहाफ'बद्दल लाहोरच्या न्यायालयात उभे राहण्याचे धैर्य त्या वाटेवरूनच आले असावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सुधारकांचे लाडके नजीर अहमदही सुटले नाहीत. त्यांच्या 'उम्महातुल-उम्मा'च्या प्रतीही जाळल्या गेल्या. पुस्तक जाळणाऱ्यांना लेखकाचा हेतू वाचायचा नसतो.

आता कुणी म्हणेल, या जुन्या गोष्टींचे आज काय? संयुक्त राष्ट्रांनी १९७९ साली स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाचे निर्मूलन करणारा करार स्वीकारला. भारताने १९९३ साली त्याला मान्यता दिली. पण त्यासोबत असे जाहीर केले की, कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हस्तक्षेप केला जाणार नाही. अल्पसंख्याक म्हणून आम्हाला या वाक्याचा आधार वाटतो, आणि तो का वाटतो हेही आम्ही जाणतो. पण 'समाज' म्हणजे कोण? समाजाच्या संमतीत मुहम्मदी बेगमची संमती धरली आहे काय? पडद्यामागच्या अर्ध्या समाजाला न विचारता दिलेली संमती ही अर्धीच संमती होय.

हा प्रश्न मराठी मुलखाला नवा नाही. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून तो विचारला. १९६६ साली हमीद दलवाई यांच्या प्रयत्नाने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. सातच होत्या, म्हणून लोक हसले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तलाक रद्द ठरवला, तेव्हा दाद मागणाऱ्यांत मुस्लिम स्त्रियाच पुढे होत्या. त्यानंतर २०१९ साली आलेल्या, नवऱ्याला तुरुंगात धाडणाऱ्या कायद्याविषयी मतभेद असू शकतात, आमचेही आहेत. पण पुढाकार कुणाचा होता, हे विसरता येणार नाही.

'मिरातुल-अरूस' शिकवणे आम्ही थांबवणार नाही. ती आमच्या भाषेची दौलत आहे. फक्त तिच्या शेजारी 'दिल्ली की सैर'ही ठेवू. मुलींना आरसा जरूर द्यावा. मात्र त्यात काय दिसले, ते त्यांच्याच तोंडून ऐकण्याची सवय आपण लावून घ्यावी. मागच्या बाकावरून तो प्रश्न पुन्हा येईल, तेव्हा निदान आपली मान खाली जाऊ नये.