गुरुत्वधरणाच्या पायाची भाषा : ‘भक्कम’ या विशेषणाविषयी काही आक्षेप

धरणांविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात एक वाक्य थोड्याफार फरकाने हटकून आढळते : ‘धरण भक्कम खडकावर उभे आहे.’ पाठ्यपुस्तके, स्मरणिका, वृत्तपत्रांतील लेख या सर्वांत त्याला सारखाच मान आहे. वाक्य शुद्ध आहे आणि प्रथमदर्शनी निर्दोषही वाटते. माझा आक्षेप असा की, गुरुत्वधरणातील प्रतिबलांचा विचार जेथे दीर्घकाळ अडून राहिला, नेमके तेथेच हे वाक्यही थांबते. हा दोष केवळ शैलीचा असता तर त्याची चर्चा येथे करण्याचे कारण नव्हते.

वाक्याची रचना पाहावी. धरण हा कर्ता; खडक हे अधिकरण. अधिकरणाने काही करावे अशी अपेक्षा नसते. ‘पुस्तक टेबलावर आहे’ असे म्हणताना टेबलाच्या गुणधर्मांची चौकशी आपण करीत नाही. ते मोडत नाही एवढे पुरे. ‘भक्कम’ या विशेषणाचे कार्यही तेवढेच : ते चौकशी सुरू करीत नाही, संपविते. खडक भक्कम आहे असे एकदा म्हटले, की पुढील सर्व क्रियापदे धरणाकडे जातात. धरण पाणी अडविते, रेटा सोसते, वजनाने तोल राखते. खडक मात्र स्थळ होऊन राहतो.

यामागे ‘पाया’ या शब्दाचा इतिहासही असावा. मराठीत पाया खणतात, घालतात, रचतात, भरतात. पाया ही मनुष्याने घडविलेली वस्तू आहे, आणि हे घराच्या बाबतीत खरेच आहे. धरणाचा पाया मात्र कोणी घालत नाही. माती, मुरूम आणि सैल दगड काढून तो उघडा केला जातो. तो आधीच तेथे असतो आणि खाली शेकडो मीटर पसरलेला असतो. शिवाय आपल्या भाषेत पायाच्या अवस्था दोनच : तो भक्कम असतो किंवा खचतो. भाराखाली किंचित दबणारा आणि भार निघाल्यावर बव्हंशी पूर्ववत होणारा पाया सांगावयाचा, तर रूढ क्रियापद सापडत नाही. ‘खचणे’ यात परतीची वाट नाही. ‘बसणे’ यातही नाही. ‘लवणे’ हे काठीला किंवा फांदीला शोभते. प्रत्यक्षात प्रत्येक खडक या तिसऱ्याच अवस्थेत असतो.

आता गणिताकडे वळू. कल्पना करा की, १०० मीटर उंचीचे, तळाशी ८० मीटर रुंद असलेले, त्रिकोणी छेदाचे धरण आहे. जलाशयाकडील बाजू उभी आहे आणि पाणी माथ्यापर्यंत भरले आहे. तळाखालून वर ढकलणारा पाण्याचा दाब तूर्त सोडून देऊ. काँक्रीटचे वजन दर घनमीटरला २४ किलोन्यूटन धरले, तर तळावरील सरासरी उभे प्रतिबल १.२ मेगापास्कल येते, आणि सर्व बलांची फलित रेषा तळाच्या मध्यापासून सुमारे ३.७ मीटर खालच्या बाजूस छेदते. प्रतिबल तळावर सरळ रेषेत बदलते असे गृहीत धरले, की जलाशयाकडील कडेला, म्हणजे धरणाच्या टाचेशी, सुमारे ०.८७ आणि खालच्या कडेला, म्हणजे चवड्याशी, सुमारे १.५३ मेगापास्कल दाब मिळतो. वर्गात शिकविले जाणारे गणित हेच. या साऱ्या आकडेमोडीत खडक कोठेही आलेला नाही. तो काळा बेसॉल्ट असो वा पिचलेला शेल, उत्तर तेच.

त्या उत्तरातील काही भाग खडक बदलला तरी खरोखरच बदलत नाही, आणि हे विद्यार्थ्याला स्पष्ट सांगितले जात नाही. १.२ मेगापास्कलची सरासरी व ३.७ मीटरचे अंतर ही समतोलाची देणगी आहे. खडकाला त्यात ढवळाढवळ करता येत नाही. बदलते ती वाटणी. सरळ रेषा ही समतोलाने दिलेली नाही, ती आपण गृहीत धरलेली आहे. वाटणी कशी होईल हे काँक्रीटची ताठरता आणि खडकाची ताठरता यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. ताठरता म्हणजे बळकटी नव्हे. खडक किती भाराने फुटेल हे बळकटी सांगते. दिलेल्या भाराखाली तो किती दबेल हे ताठरता सांगते. ‘भक्कम’ या एका शब्दात हे दोन्ही गुण कोंबले गेले आहेत, ही माझी मुख्य तक्रार.

सरळ रेषेच्या गृहीताची परंपरा मोठी आहे, आणि तिचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. मुंबई नगरपालिकेचे कार्यकारी अभियंता कॅप्टन टलक यांनी विचारलेल्या प्रश्नांच्या निमित्ताने विल्यम रँकिन यांनी दगडी धरणांच्या रचनेवर अहवाल लिहिला. तो १८७२ साली प्रसिद्ध झाला. दगडी बांधकामात ताण येऊ देऊ नये, यासाठी फलित रेषा छेदाच्या मधल्या तिसऱ्या भागातच ठेवावी, हा नियम धरणांच्या बाबतीत तेथून रूढ झाला. जलाशयाकडील आणि खालच्या बाजूकडील दाबाच्या मर्यादा रँकिन यांनी वेगवेगळ्या ठेवल्या, यावरून त्यांची बारीक नजर दिसते. तरीही त्या गणितात खडकाचा गुणधर्म ही बदलती राशी म्हणून कोठेही नाही. यासाठी रँकिन यांना दोष देणे अन्यायाचे होईल. धरणाच्या वरच्या छेदांना त्यांची पद्धत उत्तम लागू पडते. खडकाचा परिणाम मुख्यतः खालच्या सुमारे एकतृतीयांश उंचीत जाणवतो. दोष त्यांचा, ज्यांनी हे सूत्र तळापर्यंत नेले आणि त्यासोबत एकही अट नेली नाही.

पहिला मोठा आक्षेप १९०४ साली आला. ॲचर्ली आणि कार्ल पिअर्सन यांनी आपल्या निबंधात दाखविले की, केवळ आडवे छेद तपासणे पुरेसे नाही. उभ्या छेदांवर, विशेषतः चवड्याजवळ, ताण येऊ शकतो. हे पिअर्सन म्हणजे ‘द ग्रामर ऑफ सायन्स’ या १८९२ च्या ग्रंथाचे कर्ते आणि संख्याशास्त्राचे एक संस्थापक. विज्ञानाचे व्याकरण लिहिणाऱ्याने धरणाच्या विश्लेषणावर टीका करावी हे मला फारसे आश्चर्याचे वाटत नाही. परंतु त्यांच्या टीकेतही धरण तळाशी कापूनच घेतलेले होते. खालच्या खडकाशी ते सलग आहे, त्यामुळे तळावरील कर्तनाची वाटणी वेगळी होईल, हा मुद्दा नंतरच्या वादात पुढे आला. १९०८ साली इंग्लंडमध्ये विल्सन व गोर यांनी रबराच्या, तर ऑटली व ब्राइटमोर यांनी प्लॅस्टिसिनच्या प्रतिकृतींवर प्रयोग प्रसिद्ध केले. प्रतिकृतीला खालचा पायाचा तुकडाही जोडलेला असला, की टाचेच्या कोपऱ्यात ताण दिसतो. आणि सरळ रेषेचे सूत्र त्याच ठिकाणी दाब दाखवीत असते. खडक अधिकरणातून उठून कर्त्याच्या पंक्तीला बसला तो येथे. पुढे १९२५ मध्ये फ्रेडरिक फोग्ट यांनी भाराखाली पायाचा पृष्ठभाग किती सरकेल व किती कलेल याची गुणांके काढून दिली, आणि अमेरिकेच्या ब्युरो ऑफ रेक्लमेशनच्या विश्लेषणपद्धतीत त्यांचा उपयोग झाला.

ताठरता बदलली म्हणजे नेमके काय होते? खडक काँक्रीटच्या मानाने मऊ असला, तर धरणाचा तळ ताठ ठोकळ्यासारखा वागू लागतो. भार कडांकडे ओढला जातो आणि मध्यभाग हलका होतो. पाण्याच्या रेट्याने टाचेखालचा व तिच्यापुढचा खडक ताणला जातो. एवढ्यावर भागत नाही. जलाशयातील पाण्याचे वजन दरीच्या तळावरही पडते. तो तळ दबतो, आणि धरण किंचित जलाशयाच्या दिशेने कलू पाहते. पाणी धरणाला खालच्या बाजूस ढकलते आणि तेच पाणी खडकामार्फत त्याला उलट दिशेस झुकविते, ही गोष्ट ‘भक्कम खडकावर उभे’ या वाक्यातून कोणाला कधी कळेल? टाचेच्या अणकुचीदार कोपऱ्यात तर स्थितिस्थापकतेचे गणित अनंत प्रतिबल देते. संगणकावर त्या ठिकाणी येणारा आकडा जाळीच्या बारीकपणाप्रमाणे वाढत जातो, आणि अननुभवी विद्यार्थी तो आकडा प्रबंधात चार दशांश स्थळांपर्यंत छापतो.

खडक जितका ताठर तितके उत्तम, असा समज ‘भक्कम’ या शब्दातून सहज रुजतो. तो चुकीचा आहे. काँक्रीट घट्ट होताना सिमेंटच्या रासायनिक क्रियेमुळे तापते आणि नंतर थंड होऊन आकुंचते. खाली अतिशय ताठर खडक असेल, तर तो या आकुंचनाला अटकाव करतो. परिणामी तळाजवळच्या काँक्रीटमध्ये ताण येऊन भेगा पडण्याचा धोका वाढतो. खडकालगतचे थर कमी जाडीचे घालणे आणि काँक्रीट थंड करणे हे उपाय याचसाठी आहेत. मऊ खडक या बाबतीत अधिक सोशिक. म्हणजे एकाच खडकाचा एकच गुण पाण्याच्या भाराखाली एक परिणाम करतो आणि थंडाव्यात दुसरा.

परिभाषेतही अडचण आहे. ‘प्रतिबल’ हा शब्द बरा. तो कोरा असल्यामुळे विद्यार्थी त्यात स्वतःचे काही आणीत नाही. ‘विकृती’ मात्र आधीच भरलेला शब्द आहे. व्यवहारात विकृती म्हणजे दोष किंवा रोग; तेव्हा ‘खडकात विकृती निर्माण होते’ हे वाक्य वाचून खडक बिघडला असेच वाटते. आकारातील स्वाभाविक, परतणाऱ्या बदलाला मी निदान धरणाच्या संदर्भात ‘विरूपण’ म्हणेन. पर्याय म्हणून बोलीकडे पाहावे, तर तेथेही ताठरता सापडत नाही. विहीर खणणाऱ्यांनी काळवथर, मांजऱ्या, मुरूम असे सुरेख भेद केले आहेत. परंतु त्यांची कसोटी पहार आणि सुरुंग ही आहे. दगड फोडावयास किती कठीण, हे त्या शब्दांतून कळते. तो न फुटता किती दबतो हे जाणण्याची गरज विहिरीला कधी पडली नाही.

हा भेद केवळ कोशापुरता नाही, हे फ्रान्समधील मालपासे धरणाने दाखविले. २ डिसेंबर १९५९ रोजी ते फुटले आणि चारशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. ते कमानी धरण होते, गुरुत्वधरण नव्हे. कमान आपला भार बाजूंच्या खडकावर टाकते, म्हणून खडकाचे वागणे तेथे अधिक निर्णायक असते. अपघातानंतरच्या चाचण्यांत डाव्या तीरावरील नाइस खडकाचा समूह काँक्रीटच्या मानाने फारच दबणारा आढळला. हाताएवढा अखंड नमुना आणि भेगांनी चिरलेला डोंगर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. चांगल्या बेसॉल्टच्या नमुन्याचा स्थितिस्थापकता गुणांक काँक्रीटच्या २० ते ३० गिगापास्कलच्या दुपटीहून अधिक असू शकतो. त्याच बेसॉल्टचा सांध्यांनी भरलेला समूह काँक्रीटहूनही मऊ असू शकतो.

गुरुत्वधरणांत भाक्रा येथील पाया या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तेथे वालुकाश्मासोबत क्लेस्टोनचे पट्टे आहेत, आणि टाचेजवळचा असा एक पट्टा खोदून काढून ती जागा काँक्रीटने भरावी लागली. अशा कामाला अभियंते ‘डेंटल ट्रीटमेंट’ म्हणतात. रूपक दंतवैद्याचे आहे आणि ते नेमके आहे : किडलेला भाग कोरून काढावयाचा आणि पोकळी भरावयाची. मात्र दुर्बळ भाग काढणे एवढाच त्याचा हेतू नसतो. मऊ पट्टा तसाच राहिला, तर शेजारच्या ताठर खडकाकडे प्रतिबल वळते आणि धरणाच्या अंगात अनपेक्षित ठिकाणी ताण उभा राहतो. सारखेपणा आणणे हेही त्यात अभिप्रेत असते.

कोयनेचे उदाहरण माझ्या प्रतिपादनाला थोडे आवरही घालते, म्हणून ते टाळणे योग्य नव्हे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात या १०३ मीटर उंचीच्या धरणाला आडव्या भेगा पडल्या, त्या तळाशी नव्हेत. खालच्या बाजूचा उतार जेथे एकदम बदलतो, तेथे, म्हणजे पायापासून सुमारे ६६ मीटर उंचीवर त्या होत्या. अनिल चोप्रा व चक्रवर्ती यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात त्याच पातळीवर मोठे ताण दिसले. कारण छेदाच्या आकारात होते. खडकाच्या ताठरतेवर ते ढकलता येत नाही. पुढे उंच मोनोलिथांना मागून काँक्रीटचे टेकू देण्यात आले. परंतु भूकंपातही खडक केवळ जागा नसतो. खडक जितका मऊ, तितका धरणाच्या कंपनाचा आवर्तकाल लांबतो, आणि कंपनाची काही ऊर्जा खडकात पसरून निघून जाते. १९८४ च्या फेन्व्ह्स व चोप्रा यांच्या संगणक-कार्यप्रणालीत धरण, पाणी आणि खडक ही तिन्ही परस्परांना हलविणारी अंगे म्हणून एकत्र घेतलेली आहेत. त्या रचनेचे मराठीत वर्णन करावयाचे झाल्यास ‘-वर’ या शब्दयोगी अव्ययाने भागणार नाही. ‘धरण व खडक परस्परांसह हलतात’ असे लिहावे लागेल, आणि ‘हलतात’ या अनेकवचनाकडे विद्यार्थ्याचे लक्ष वेधावे लागेल.