रेसिंग गेमची चाचणी: आकडा खरा, पण कशाचा?

पेट किंवा नेटच्या पेपर एकची तयारी करताना तुम्ही दोन व्याख्या पाठ केल्याच असतील. पुन्हा मोजलं तर तेच उत्तर येतं का, ही विश्वसनीयता. जे मोजायचं होतं तेच मोजलं का, ही वैधता. एमसीक्यू सोडवायला एवढं पुरतं. मला मात्र हा फरक खरा कळला तो एका रेसिंग गेममुळे, तेही सेमिनारमध्ये तोंडघशी पडल्यावर.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी दोन ग्राफिक्स कार्डांची तुलना मांडली होती. एक कार्ड सेकंदाला चार फ्रेम्स जास्त देत होतं, म्हणून ते सरस. सरांनी एकच प्रश्न विचारला, "अरे, तेच कार्ड दोनदा तपासलंस तर किती फरक येतो?" मी ते केलंच नव्हतं. लॅबमध्ये जाऊन केलं, तर सकाळी थंड कार्डावर आणि दुपारी तापलेल्या कार्डावर साधारण तेवढाच फरक निघाला. म्हणजे चार्टमध्ये मी कार्डांची तुलना केली नव्हती, मे महिन्यातल्या खोलीची केली होती.

त्यानंतर मी या चाचण्यांकडे संशयाने पाहू लागलो. उदाहरण घेऊ 'फोर्झा होरायझन 5'चं. प्लेग्राउंड गेम्सचा हा मेक्सिकोत घडणारा गेम नोव्हेंबर 2021 मध्ये आला आणि त्यात स्वतःची बेंचमार्क चाचणी आहे. बटण दाबा, गाडी आपोआप धावते, शेवटी निकाल समोर. यातली चांगली गोष्ट आधी सांगतो. निकालात प्रोसेसरचे आणि ग्राफिक्स कार्डाचे आकडे वेगळे दिसतात. त्यामुळे अडलं कुठे हे कळतं. प्रोसेसरच मागे पडत असेल, तर महागडं कार्ड लावूनही आकडा हलणार नाही आणि दोष मात्र कार्डावर जाईल. किती तरी तुलनांमध्ये ही साधी गोष्ट तपासलेली नसते.

आता खटकणारी बाजू. मार्ग आणि हवामान तुम्हाला निवडता येत नाही. दर वेळी तेच दृश्य, म्हणून विश्वसनीयता उत्तम. पण तुम्ही खेळता तेव्हा पाऊस असतो, समोर दहा गाड्या असतात, धूळ उडते. त्या सगळ्याबद्दल हा आकडा गप्प असतो. 'एफ1 22'ची चाचणी इथे उजवी वाटते, कारण तिथे सर्किट आणि हवामान ठरवता येतं. कोरड्या आणि ओल्या ट्रॅकवर वेगवेगळं मोजलं, तर पावसाच्या इफेक्टची किंमत थेट हाती येते.

वैधतेचं याहून बोलकं उदाहरण रे ट्रेसिंगचं. 'फोर्झा होरायझन 5' आला तेव्हा रे ट्रेसिंग फक्त फोर्झाविस्टामध्ये होतं, म्हणजे गाडी उभी ठेवून न्याहाळण्याच्या भागात. गाडी चालवताना ते नंतरच्या अपडेटने आलं. समजा, त्या सुरुवातीच्या आवृत्तीवर कुणी सेटिंग चालू करून बेंचमार्क चालवला आणि चार्टवर 'रे ट्रेसिंग चालू' असं लिहिलं. शब्द खोटे नाहीत. पण रे ट्रेसिंगचा भार त्यात मोजलाच गेला नाही.

आता सरासरीकडे या. दहा सेकंदांत 600 फ्रेम्स, म्हणजे सरासरी 60. छान. पण त्यातली एक फ्रेम 200 मिलिसेकंद अडकली आणि बाकीच्या 599 नीट आल्या, तरी सरासरी 60च राहते. ताशी 180 किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला 50 मीटर जाते, म्हणजे त्या एका अडकण्यात 10 मीटर. वळण तेवढ्यातच हुकतं! म्हणून 2011 मध्ये 'द टेक रिपोर्ट'च्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ तपासायचा आग्रह धरला. आजच्या चाचण्यांमध्ये सर्वांत संथ एक टक्का फ्रेम्सचा आकडा वेगळा देतात, तोही याच विचाराचा भाग.

सरासरी काढतानाही चूक होते. एक सेकंद 100 फ्रेम्स आणि पुढचा सेकंद 50, तर दोन सेकंदांत 150, सरासरी 75. पण प्रत्येक फ्रेमचा तात्कालिक वेग काढून त्यांची सरासरी घेतली, तर उत्तर 83.3 येतं, कारण जलद फ्रेम्स संख्येने जास्त असतात. शाळेतलं जाण्या-येण्याच्या सरासरी वेगाचं गणित आठवतंय ना? तोच सापळा आहे.

दृश्य इफेक्ट्सची तुलना तर बहुतेक जण स्क्रीनशॉटवर करतात, आणि रेसिंग गेममध्ये हे विशेष चुकीचं आहे. ओल्या रस्त्यावरचं स्क्रीन-स्पेस प्रतिबिंब फक्त पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींचंच बनतं. कॅमेरा फिरला आणि एखादी इमारत चौकटीबाहेर गेली, की तिचं प्रतिबिंबही गायब. स्थिर चित्रात हे कळणार कसं? '4के' या शब्दाचंही तसंच. डीएलएसएस परफॉर्मन्स मोडमध्ये 4के निवडलं, तरी चित्र आत 1920 बाय 1080 वर बनतं, म्हणजे पिक्सेल एक चतुर्थांश. ते वाईटच दिसतं असं नाही, पण दुसऱ्या कार्डाच्या मूळ 4केशेजारी तोच स्तंभ लावणं ही फसवणूक आहे. फ्रेम जनरेशनमध्ये मधल्या फ्रेम्स रचून भरल्या जातात. आकडा फुगतो, पण स्टिअरिंगला गाडीचा प्रतिसाद त्या प्रमाणात जलद होत नाही.

तुमचा विषय ग्राफिक्स नसेलही. मराठीतून सर्वेक्षण करा नाहीतर मातीचे नमुने तपासा, सरांचा तो प्रश्न तुम्हालाही लागू आहे. मी आता कुठल्याही मोजणीत पहिली फेरी टाकून देतो, निदान पाच फेऱ्या घेतो, ड्रायव्हर आणि गेमची आवृत्ती, खोलीचं तापमान वहीत लिहितो, आणि दोन कार्डांची तुलना करण्याआधी एकाच कार्डाची त्याच्याशीच तुलना करतो. तो फरक पहिल्या पानावर लिहिलेला असतो. त्याहून लहान फरक दिसला, तर निष्कर्षात मी गप्प बसतो. पहिल्या वर्षी हे केलं असतं, तर माझ्या सेमिनारमध्ये एक स्लाइड कमी असती आणि झोप जास्त.