चिखलात गाडी घालण्यात मजा का येते? चार उत्तरं आणि त्यांतल्या फटी

गेल्या पावसाळ्यात माझा मावसभाऊ मला त्याच्या ग्रुपबरोबर मावळात घेऊन गेला. पाच गाड्या, सगळ्या फोर बाय फोर. भाऊ बँकेत नोकरीला. बाकीच्यांत एक दंतवैद्य, एक हार्डवेअरचं दुकान चालवणारे काका आणि दोघं आयटीतले. सहा तासांत आम्ही जेमतेम चार किलोमीटर गेलो. त्यातला निम्मा वेळ कुणाची तरी गाडी रुतलेली आणि बाकीचे दोर, फावडी घेऊन भोवती उभे. संध्याकाळी सगळे चिखलाने माखलेले आणि भलतेच खूश. खरं सांगायचं तर मीही खूश होते.

माझी अडचण अशी की माझी पीएचडी वजनाखाली माती कशी दबते यावर आहे. त्या दिवशी चाकाखाली काय होतंय हे मला नीट कळत होतं, तरी मजा आली. का आली? घरी आल्यावर मी वाचायला बसले. या प्रश्नाला ठरावीक चार उत्तरं दिली जातात. चारही नावाजलेली आहेत, आणि संशोधन प्रस्तावात यातलं एखादं ‘सैद्धांतिक चौकट’ म्हणून चिकटवायचा मोह होतोच. चिकटवण्याआधी ते उत्तर तपासायचं कसं, ते आज बघू.

उत्तर पहिलं: काही माणसांना थरार लागतोच

मार्विन झुकरमन या मानसशास्त्रज्ञाने ‘सेन्सेशन सीकिंग’ ही कल्पना मांडली. नवीन, तीव्र अनुभवांची ओढ काहींना जास्त, काहींना कमी असते. ती मोजायला त्यांनी प्रश्नावली केली. तिची १९७८ची आवृत्ती सर्वांत जास्त वापरली गेली. तिच्यात ४० प्रश्न आणि प्रत्येकी १० प्रश्नांचे चार गट आहेत. पहिला गट थरार आणि साहसाच्या आवडीचा.

आता त्या गटातले प्रश्न बघा. गिर्यारोहण, पॅराशूटने उडी, खोल पाण्यात डुबकी असलं काही करायला तुम्हाला आवडेल का, अशा धर्तीचे ते आहेत. समजा, मी ऑफ-रोडिंग करणाऱ्या शंभर जणांना ही प्रश्नावली दिली, त्यांचे गुण जास्त आले आणि मी निष्कर्ष काढला की ‘थराराची ओढ असल्यामुळे हे लोक ऑफ-रोडिंग करतात’. यात नवीन काय कळलं? ज्यांना साहस आवडतं त्यांना साहस आवडतं, एवढंच. ज्याचं कारण शोधायचं तेच मोजमापात आधी घालून ठेवलंय. याला चक्राकार युक्तिवाद म्हणतात, आणि तो आकडेवारीच्या आड छान लपतो. सहसंबंध ठळक दिसतो, तक्ता सुबक होतो, आणि मार्गदर्शकही कधी कधी मान डोलावतात.

झुकरमनवर अन्याय नको. कोण जास्त ओढला जाईल याचा अंदाज बांधायला ही प्रश्नावली उपयोगी आहे. पण ‘कोण’चं उत्तर म्हणजे ‘का’चं उत्तर नव्हे.

उत्तर दुसरं: माणसं कड्याच्या टोकाशी खेळतात

समाजशास्त्रज्ञ स्टीफन लिंग यांनी १९९०मध्ये ‘एजवर्क’ची कल्पना मांडली. त्यांचा अभ्यास मुख्यतः विमानातून उड्या मारणाऱ्यांवर होता. त्यांचं म्हणणं असं की या लोकांना नुसता धोका नको असतो. धोक्याच्या टोकावर उभं राहून आपल्या कौशल्याने सगळं ताब्यात ठेवण्याचा अनुभव त्यांना हवा असतो, कारण रोजच्या कामात तसा ताबा मिळत नाही.

हे उत्तर मला जास्त आवडतं, कारण ते चुकीचं ठरू शकतं. ते बरोबर असेल तर ज्यांच्या कामात स्वतःचा ताबा कमी, त्यांना ही ओढ जास्त असायला हवी. म्हणजे बँकेतला माझा भाऊ जास्त ओढला जाईल, स्वतःचा दवाखाना चालवणारे दंतवैद्य कमी. आमच्यात सगळ्यात वेडे दंतवैद्यच होते. पण पाच गाड्या म्हणजे पुरावा नव्हे, त्यामुळे यावरून मी काही सिद्ध करत नाही. मुद्दा एवढाच की या सिद्धांताची चाचणी घेता येते.

अडचण वेगळी आहे. आमच्या गाड्या चालत्या माणसाच्या वेगाने जात होत्या. गाडी उलटण्याची भीती खरी असते, पण ग्रुपची सगळी व्यवस्था ती कमी करण्यासाठीच असते. पुढे उभा राहून हाताने डावं-उजवं दाखवणारा स्पॉटर, गाडी ओढायला विंच, आधी पायी जाऊन बघितलेला चढ. जीव टांगणीला लागण्याचा क्षण मला तरी दिसला नाही. मग बंपरला ओरखडा पडणं हेसुद्धा ‘टोक’ मानायचं का? मानलं तर संकल्पना इतकी ताणली जाते की तिच्यात पत्त्यांचा डावही बसेल.

उत्तर तिसरं: भान हरपणं

मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७५च्या पुस्तकात गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यविशारद अशा लोकांच्या तल्लीनतेचा अभ्यास मांडला आणि तिला ‘फ्लो’ म्हटलं. आव्हान आणि कौशल्य यांचा मेळ बसला, ध्येय स्पष्ट असलं आणि आपण करतोय ते बरोबर की चूक हे लगेच कळलं, की माणूस त्यात बुडून जातो.

स्टिअरिंगमागे बसलेल्याला हे तंतोतंत लागू पडतं. लो रेंज गिअरमध्ये गाडी हळू जाते, पण चाकाला जोर भरपूर मिळतो. एक चाक हवेत गेलं की साधा डिफरन्शियल त्या बाजूला चाक नुसतं गरगर फिरवतो आणि जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. अॅक्सिलरेटर दाबून उपयोग नाही. वाट बदलायची, चाक जमिनीवर आणायचं. चूक केली की दुसऱ्या सेकंदाला गाडी सांगते. असा चोख प्रतिसाद माझ्या प्रयोगशाळेत सहा-सहा महिने मिळत नाही.

पण हिशोब करा. सहा तासांत प्रत्येकजण खऱ्या अवघड जागी गाडी चालवत होता तो फार तर वीस-पंचवीस मिनिटं. उरलेला वेळ वाट बघणं, दोर बांधणं, चहा. दोर धरून उभ्या असलेल्या माणसाच्या आनंदाचं काय? ‘फ्लो’ एका क्षणाबद्दल बोलतो आणि आपण त्यावरून पूर्ण दिवसाचं स्पष्टीकरण काढतो. शिवाय संध्याकाळी विचारलं तर माणूस त्या वीस मिनिटांबद्दलच बोलणार. गंमत म्हणजे यावरचा उपायही चिक्सेंटमिहाय यांच्याच कामात आहे. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लोकांना पेजर दिले, दिवसभरात मधूनच तो वाजायचा आणि त्या क्षणी काय चाललंय, कसं वाटतंय ते लिहायचं. सिद्धांत उचलणारे खूप, ही पद्धत उचलणारे कमी.

उत्तर चौथं: हा गंभीर छंद आहे

रॉबर्ट स्टेबिन्स यांनी १९८२मध्ये ‘सिरियस लेझर’ मांडलं. काही छंदांत चिकाटी लागते, ज्ञान मिळवावं लागतं, नवशिक्यापासून जाणत्यापर्यंत टप्पे असतात, आपली अशी एक बिरादरी तयार होते आणि छंद ओळखीचा भाग बनतो. इथे सगळं जुळतं. अमेरिकेत रुबिकॉन ट्रेलवरचा जीपचा मेळा १९५३पासून आणि मोअॅबमधली ईस्टरची जीप सफारी १९६७पासून भरते. आपल्याकडे इगतपुरीला महिंद्राचं ऑफ-रोड प्रशिक्षण केंद्र निघालं, गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होतं. आमच्या ग्रुपमध्येही टायरमधली हवा किती कमी करायची यावर अर्धा तास चर्चा झाली, आणि हार्डवेअरवाल्या काकांचा शब्द शेवटचा.

फट अशी की हे वर्णन आहे, स्पष्टीकरण नाही. पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यालाही हेच सगळं लागू आहे. मग तिकिटं का नाही, चिखल का? आणि माझं काय? मी एकाच दिवसासाठी गेले होते. ना टप्पे, ना ओळख. तरी मजा आलीच.

ट्रॅक्टरवाले काका

दुपारी दंतवैद्यांची गाडी एका चरात अशी बसली की विंचनेही हलेना. तेवढ्यात गावातले एक काका ट्रॅक्टर घेऊन आले आणि पाच मिनिटांत गाडी ओढून काढली. मी सहज विचारलं, “काका, तुम्हाला या वाटेनं चालवायला मजा येते का हो?”

ते हसले. “मजा कसली ताई? रोजचंच हाय. तुम्ही रुतला तर फोटो काढता, आम्ही रुतलो तर लावणी खोळंबती.” मग थोडं थांबून म्हणाले, “मजा बैलगाड्याच्या शर्यतीला.”

वाचलेल्या सगळ्या लेखांपेक्षा मला हे वाक्य जास्त उपयोगी पडलं. तीच वाट, तोच चढ, तोच चिखल. कौशल्य आमच्यापेक्षा जास्त, धोकाही जास्त. थरार, टोक किंवा आव्हान-कौशल्याचा मेळ एवढ्यानेच मजा येत असती तर काकांना रोज यायला हवी होती. ती त्यांना येते शर्यतीत, जिथे ते आपल्या मर्जीने जातात. २०१४च्या बंदीनंतर शर्यती पुन्हा सुरू व्हाव्यात म्हणून गावोगावी किती खटपट झाली, ते आपण बघितलंच आहे.

लिंग यांच्या लेखाच्या शीर्षकातच ‘स्वेच्छेने’ हा शब्द आहे. चिखलाच्या प्रश्नाला लावताना चारही उत्तरं स्वेच्छा गृहीत धरतात. ऑफ-रोडिंग करणाऱ्यांचा नमुना घेतला तर तो हौसेने आलेल्यांचाच असतो. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, असा तुलना गट त्यात नसतो.

माझा अंदाज असा की आम्हाला आवडते ती फुकटची फजिती. बँकेत चूक झाली तर मेमो, दवाखान्यात झाली तर पेशंट जातो. इथे चूक झाली की पाच जण हसत दोर घेऊन धावतात. हा अंदाज आहे, निष्कर्ष नव्हे. तपासायचा तर एकट्याने जाणारे आणि ग्रुपने जाणारे, तसंच हौशी चालक आणि त्याच वाटेवर पोटासाठी चालवणारे यांची तुलना करावी लागेल. एकट्याने जाणाऱ्यांनाही तेवढीच मजा येत असेल, तर माझा अंदाज बहुधा चुकला.

फुकट कुणाला?

आणि इथे माझा विषय आडवा येतो. फजिती आम्हाला फुकट, मातीला नाही. ओली माती वजनाखाली दबते, तिच्यातली पोकळी मिटते, पाणी मुरायचं थांबून वाहायला लागतं. टायरची हवा कमी केली की वजन जास्त जागेवर पसरतं आणि वरच्या थरावरचा दाब कमी होतो, हे खरं. पण त्याच रबराने आपण नवीन जागेत शिरणार असू तर फायदा फारसा उरत नाही, कारण दबण्यातला मोठा वाटा पहिल्या काही फेऱ्यांतच होतो. अमेरिकेत सार्वजनिक जमिनींवर अशा गाड्यांना आवर घालायला निक्सन यांनी १९७२मध्येच अध्यक्षीय आदेश काढला होता. मजेचा अभ्यास करताना फक्त मजा करणाऱ्यांना विचारलं, तर हा खर्च कुठल्याच रकान्यात येत नाही.

तेव्हा प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा निवडलेल्या सिद्धांताला तीन प्रश्न विचारा. ज्याचं कारण शोधतोय ते मोजमापातच दडलंय का? काय आढळलं तर हा सिद्धांत चुकला असं मी म्हणेन? आणि माझ्या नमुन्यात ट्रॅक्टरवाले काका आहेत का?

परवा भावाचा फोन आला होता, “ताई, या वर्षी येतेस ना?” मी हो म्हटलंय. अट एकच घातली: रुळलेली वाट सोडायची नाही.