कायद्याचा पहिला वाचक

गंगापूर रोडवर एका स्नेह्यांच्या घरी आम्ही काही शिक्षक महिन्यातून एकदा वाचनासाठी जमतो. कोणी मराठीचे, कोणी इतिहासाचे, आम्ही उर्दू माध्यमाचे. परवाच्या बैठकीत मोबाईलवर काय लिहावे आणि काय लिहू नये, असा विषय निघाला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "भाई, तुम्ही आपलं जपून लिहा. ईद मुबारक, शाळेची सूचना, बस्स." सगळे हसले, आम्हीही हसलो. जुन्या नाशकात घरी परतेपर्यंत मात्र तो 'जपून' शब्द मनातून हलेना. सल्ला आपुलकीचा होता, पण तो सर्वांना नव्हता, आम्हाला होता.

साहित्याच्या वार्षिकात न्यायनिवाड्यांची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. शब्दांचा अर्थ लावणे हे समीक्षेचे काम आहे आणि आज सामान्य माणसाच्या शब्दांची सर्वात कठोर समीक्षा पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात होते. म्हणून त्या समीक्षेचीही समीक्षा व्हायला हवी.

नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. त्या बंदबद्दल पालघरच्या एका मुस्लिम तरुणीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या. तिच्या हिंदू मैत्रिणीने त्या ओळी पसंत केल्या. दोघींना अटक झाली आणि काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-अ होते. त्याची भाषा पाहावी : अतिशय आक्षेपार्ह, त्रासदायक, गैरसोयीचे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. त्रास कोणाला, गैरसोय कोणाची, हे कलमात कुठेच नाही. विशेषण आहे, पण विशेष्य कोण ते वाचणाऱ्याने ठरवायचे. शाळेच्या निबंधात असे मोघम वाक्य आले तर आम्ही त्याखाली लाल रेघ मारतो.

सर्वोच्च न्यायालयाने ती रेघ 24 मार्च 2015 रोजी मारली. श्रेया सिंघल खटल्यात न्या. रोहिंटन नरिमन यांनी चर्चा, समर्थन आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या वेगळ्या केल्या आणि पहिल्या दोन पायऱ्यांवर राज्याला हात घालता येणार नाही असे ठरवले. मराठी समीक्षेने उचलावी अशी ही विभागणी आहे. मात्र त्याच निवाड्याने संकेतस्थळे आणि मजकूर बंद करण्याचा सरकारचा अधिकार कायम ठेवला. त्या प्रक्रियेत गोपनीयता आहे, म्हणजे मजकूर गेला तरी का गेला हे वाचकाला कळत नाही. एक दार उघडताना दुसरे तसेच बंद राहिले, हे कौतुकाच्या भरात विसरले गेले.

पुढच्या दोन महिन्यांच्या आत, 14 मे 2015 रोजी, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने एका मराठी कवितेबद्दल निकाल दिला. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता 1994 मध्ये बँक कर्मचारी संघटनेच्या अंकात छापली गेली होती. आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या बाबतीत अश्लीलतेची कसोटी अधिक कडक होते, असे न्यायालयाने म्हटले. माफी मागितलेले संपादक सुटले, कवीवरचा खटला मात्र उरला. दोन्ही निवाडे आम्ही शेजारी ठेवून वाचले. पहिल्यात शब्दाची मोजणी परिणामावरून होते, दुसऱ्यात माणसाच्या मोठेपणावरून. ही दोन मापे एका तराजूत बसत नाहीत.

तिसरा निवाडा आम्हाला सर्वात जवळचा, कारण त्यात शिक्षक आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात काश्मीरहून आलेले प्राध्यापक होते. ऑगस्ट 2022 मध्ये त्यांनी व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर 5 ऑगस्ट हा काळा दिवस म्हटले आणि 14 ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. हातकणंगले ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला. 7 मार्च 2024 रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि दुसऱ्या देशाच्या नागरिकांना शुभेच्छा देणे हा सद्भाव आहे, असे त्यांनी सांगितले. शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसावरून मोजावा, डळमळीत मनाच्या माणसावरून नव्हे, हे मापही त्यांनी वापरले. ते माप जुन्या नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिवियन बोस यांनी 1940 च्या दशकात दिलेले. उर्दूत ज्याला सुखनफहम म्हणतात, तोच हा वाचक.

निकाल उत्तम आहे. आमची तक्रार वेगळी आहे. कायद्याचा पहिला वाचक दिल्लीत नसतो, ठाण्यात असतो. त्याच्यासमोर रागावलेला जमाव उभा असतो आणि लिहिणाऱ्याचे नाव त्याने मजकुराआधी वाचलेले असते. त्या वाचनापासून खऱ्या वाचनापर्यंत प्राध्यापकांना दीड वर्षाहून अधिक काळ लागला. रद्द झालेल्या 66-अ खालीही गुन्हे नोंदले जात राहिले, ते थांबवा असे न्यायालयाला ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा सांगावे लागले.

हे फक्त आमच्याच नावांच्या बाबतीत होते असेही नाही. मे 2022 मध्ये आमच्याच जिल्ह्यातील एका हिंदू विद्यार्थ्याला शरद पवारांबद्दलच्या ट्विटवरून अटक झाली, सुटकेसाठी त्याला जूनमध्ये उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. त्याचे शब्द आम्हाला मुळीच आवडले नाहीत. पण त्याच्यासाठी आम्ही गप्प राहिलो, तर उद्या स्वतःसाठी कोणत्या तोंडाने बोलणार? हक्क आवडीच्या माणसापुरता असेल तर ती मेहेरबानी झाली.

मग कायदाच नको काय? असे आम्ही म्हणत नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारे समजून भिक्षेकरी समाजातील पाच जणांना जमावाने ठार केले. अफवा मोबाईलवरून फिरली होती. त्याच दिवशी मालेगावातही तशाच अफवेने जमाव जमला, तिथले कुटुंब थोडक्यात वाचले. ही चिथावणी आहे, इथे कायदा धावून यायला हवा. दुःख असे की अफवेपाशी तो उशिरा पोचतो आणि मतापाशी लवकर.

पुढच्या बैठकीत त्या सहकाऱ्यांना आम्ही एवढेच सांगणार आहोत : सर, जपून लिहू, म्हणजे खरे तपासून लिहू, कोणाच्या जिवावर उठणारे लिहिणार नाही. पण घाबरून लिहायला शिकवू नका. सोमवारी वर्गात मुलांना निर्भयपणे उत्तर द्यायला आम्हीच सांगतो. फळ्यावर एक आणि मोबाईलवर दुसरे, असे शिकवणे आम्हाला जमणार नाही.