पुढच्या भागाची पारख : ‘क्रिश 3’च्या निमित्ताने



नरसीत येऊन ‘क्रिश 3’वर व्याख्यान, हे ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. नामदेवांच्या गावात बोलायला विषय कमी पडले का? पण आजचा प्रश्न एका सिनेमापुरता नाही. एखाद्या गोष्टीचा पुढचा भाग निघतो, तेव्हा तो चांगला की वाईट, हे ठरवायचं कशावरून? याचा विचार करायला नरसीइतकी सोयीची जागा नाही. ते का, ते पुढे येईलच.

आपण साधारणपणे काय म्हणतो? ‘पहिल्याची मजा याला नाही,’ किंवा ‘पहिल्यापेक्षा हा भारी.’ आता, पहिल्या भेटीची मजा दुसऱ्यांदा येत नसते, त्याचा दोष पुढच्या भागाला कशाला द्यायचा? आणि तंत्र तर दर पाच-दहा वर्षांनी सुधारतंच, त्याचं श्रेय गोष्टीला नको. म्हणून कसोटी वेगळी लावू. पहिल्या भागाने एक प्रश्न उभा केलेला असतो, एक काम हाती घेतलेलं असतं. पुढचा भाग ते काम पुढे नेतो, की विसरून जातो?

आपल्याकडे याचा मोठा दाखला आहे. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता, अशी परंपरा आहे. तो पुरा झाला नाही. पुढे अडीचशेहून अधिक वर्षांनी तुकोबा सांगतात, की नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि राहिलेलं काम माझ्यावर सोपवून गेले. स्वप्न घडलं की नाही, हा वाद बाजूला ठेवा. तुकोबांना आपलं लिहिणं कसं दिसत होतं ते बघा. नामदेव शिंपी, तुकोबा वाण्याचा धंदा करणारे. दोघांत ना रक्ताचं नातं, ना गावाचं. चालत आलं ते काम. तुकोबांनी नामदेवांची नक्कल केली नाही, त्यांचं ऋण अंगावर घेतलं. पुढचा भाग म्हणतात तो याला.

आता सिनेमाकडे येऊ. राकेश रोशन यांची ही मालिका मुंबईत घडलेली. ‘कोई मिल गया’ 2003चा, ‘क्रिश’ 2006चा, आणि 2013च्या दिवाळीतला ‘क्रिश 3’. ‘क्रिश 2’ नावाचा सिनेमाच नाही! पहिला धरून हा तिसरा, म्हणून तीन. म्हणजे हिशेब पहिल्या सिनेमापासून करायचा, हे निर्मात्यांनीच नावात सांगितलंय. तर तो करू या.

‘कोई मिल गया’मधला रोहित आठवा. आई गरोदर असताना झालेल्या अपघातामुळे त्याच्या मेंदूला इजा झालेली. शरीराने तरुण, पण बुद्धीने लहान. शाळेत चेष्टेचा विषय. त्याला जादू भेटतो, शक्ती मिळते, हा भाग मनोरंजनाचा. पण त्या सिनेमाचं हृदय दुसरीकडे आहे. शक्ती मिळण्याच्या आधीच त्याच्या आईने त्याला माणूस म्हणून वाढवलेलं असतं आणि लहान पोरांनी मित्र म्हणून घेतलेलं असतं. ज्याला जग अपुरा म्हणतं, त्याची किंमत कशात आहे? हा त्या सिनेमाचा प्रश्न.

दहा वर्षांनी ‘क्रिश 3’ येतो. खलनायक कोण? काल. चाकाच्या खुर्चीला खिळलेला, दोन बोटांपलीकडे शरीर हलत नाही, मात्र बुद्धी अफाट. स्वतःला बरं करण्यासाठी तो माणूस आणि जनावर यांची सरमिसळ करून ‘मानवर’ निर्माण करतो, रोग पसरवतो, त्यावरचं औषध विकतो. ज्या मालिकेने अपंग मुलाला नायक केलं, तिनेच तिसऱ्या भागात अपंगत्व खलनायकाच्या माथी मारलं.

इथे कुणी म्हणेल, सर, पोराटोरांचा सिनेमा आहे, एवढं काय मनावर घेता? म्हणूनच घ्यायचं. कुबड्या घेऊन शाळेत येणारं एखादं पोर हा सिनेमा बघायला बसणारच. ‘कोई मिल गया’ बघून ते ताठ मानेने बाहेर पडलं असेल. ‘क्रिश 3’ त्याला काय सांगतो?

आणि गंमत बघा, उत्तर कथेच्या हातात होतं. काल हा रोहितच्याच अंशातून, प्रयोगशाळेत जन्मलेला. तो अपंग निघाला म्हणून त्याला अनाथालयात टाकून दिलं. म्हणजे काल हा आईविना, मित्रांविना वाढलेला रोहितच! केवढी मोठी गोष्ट हाताला लागली होती. बापलेक समोरासमोर येतात तेव्हा लेखकाने थांबायला हवं होतं. तसं होत नाही. रोहितच्या शरीरातली अस्थिमज्जा घेऊन काल उभा राहतो, चिलखत चढवतो आणि हाणामारी सुरू होते. नीतिशास्त्रात आपण कारण आणि समर्थन यांत फरक करतो. माणूस दुष्ट का झाला हे समजून घेणं म्हणजे त्याला माफ करणं नव्हे. ‘क्रिश 3’ कारण सांगतो, पण त्याकडे बघत नाही.

न्याय एकतर्फी नको, म्हणून जमेची बाजूही सांगतो. कंगना राणावतने केलेली काया ही यातली सर्वांत चांगली व्यक्तिरेखा. कालने तिला रूप बदलून फसवण्यासाठी घडवलं. प्रियाच्या रूपात ती कृष्णाच्या घरात राहते, माया काय असते ते अनुभवते, आणि बदलते. घडवणाऱ्याने घडवलं तसंच राहावं लागत नाही, हे ती जीव देऊन दाखवते. मग जी संधी कायाला मिळाली, ती कालला का नाही?

दुसरी जमेची गोष्ट, दुसऱ्याच्या मदतीला धावणारा प्रत्येक जण क्रिश, हा विचार. सुंदर विचार आहे, पण कथा त्याच्यावर टिकत नाही. रोहितची शक्ती कृष्णाला, आणि शेवटी कृष्णाच्या तान्ह्या बाळालाही त्याच रक्ताचा वारसा. तोंडाने ‘सगळेच क्रिश’, व्यवहारात मात्र घराणं! आपल्या राजकारणात हे आपण रोज बघतो, तेव्हा जास्त बोलायला नको.

हे वेगळ्या रीतीने करता येतं का? येतं. जेम्स कॅमरॉनच्या 1984च्या ‘टर्मिनेटर’मध्ये यंत्र मारेकरी होतं. 1991च्या दुसऱ्या भागात तोच चेहरा रक्षक होऊन आला, आणि माणसाच्या जिवाची किंमत यंत्राला शिकवता येईल का, असा नवा प्रश्न उभा राहिला. मारामारी त्यातही भरपूर होती. म्हणजे मारामारीचा आणि विचाराचा काही उभा दावा नाही.

तेव्हा माझा निकाल असा. ‘क्रिश 3’ कंटाळवाणा नाही. त्यातली दृश्यकरामत इथल्याच कलावंतांनी केली, याचा अभिमानही बाळगावा. पण पुढचा भाग म्हणून तो उणा पडतो, कारण त्याने पहिल्याची मिळकत घेतली आणि कर्ज नाकारलं.

चौथा भाग हृतिक रोशन स्वतः दिग्दर्शित करणार, असं 2025 मध्ये जाहीर झालंय. तो आला की जरूर बघा. शहरं किती कोसळली ते मोजत बसू नका. एवढंच बघा, शाळेत ज्याची चेष्टा होत होती, त्या रोहितची त्यात कुणाला आठवण आहे का.